सुंभ जळतो, पीळ राहतो



पिकावर कीड पडली तर आपण चारचौघांत बोलतो, औषध विचारतो. घरात दारू शिरली तर मात्र तोंडाला कुलूप लावतो. आज त्या कुलपाआडच्या दुखण्याविषयी बोलू. दारू लागते कशी, हे सांगायचे नाही. ते गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. एकदा सुटलेली दारू परत का लागते, हा आजचा विषय.

कितीतरी घरांत असे घडते बघा. कर्ता माणूस व्यसनमुक्ती केंद्रात राहून येतो. अंगावर मूठभर मांस चढलेले असते. दोन वेळा जेवतो, गोठ्यातले पाहतो, लेकराला खांद्यावर घेतो. देवापुढे शपथ झालेली असते. घरची बाई कित्येक महिन्यांनी निवांत झोपते. आणि मग एका बाजारच्या दिवशी माणूस उशिरा येतो, नजर चुकवतो, आणि दारातच वास येतो.

गाव म्हणते, 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.' बायको म्हणते, 'याला आमची मायाच नाही.' आणि तो माणूस मनाशी म्हणतो, 'मी कामातून गेलो. आता प्यायलो काय नि न प्यायलो काय!'

तिघांचेही निदान चुकते. निदान चुकले की औषध चुकते. तुडतुड्यांनी कपाशीचे पान पिवळे पडावे आणि आपण खत टाकत बसावे, तसे होते.

हरळी आणि तिच्या काशा

हरळीचे रान तुम्ही नांगरून काढता. वर एक हिरवी काडी दिसत नाही. नवखा माणूस म्हणेल, रान साफ झाले. पण तुम्हाला ठाऊक असते की काशा खाली आहेत. पहिला पाऊस पडला की तिथून कोंब येणार. म्हणून तुम्ही हरळीला शिव्या देत बसत नाही. पावसाकडे लक्ष ठेवता आणि कोंब दिसला की खुरपे घेऊन जाता.

व्यसनाच्याही काशा असतात. त्या माणसाच्या मेंदूत असतात. त्या कशा रुजतात आणि कोणत्या पावसाने उगवतात, याचा शोध शास्त्रज्ञ गेली सत्तर वर्षे घेत आहेत.

१९५४ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरी, मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. तारेतून हलकासा विजेचा झटका दिला. उंदीर पळून जाईल असे वाटेल, पण तो ज्या कोपऱ्यात झटका मिळाला त्याच कोपऱ्यात परत परत येऊ लागला. मग त्याच्यासमोर एक दांडी ठेवली, दाबली की झटका मिळावा अशी. उंदीर तासाला शेकडो वेळा ती दांडी दाबत राहिला. मेंदूत 'हे पुन्हा कर' असे सांगणारी एक वाट आहे, हे त्या दिवसांत प्रथम उघड झाले.

ही वाट काही दारूसाठी बनलेली नाही. भुकेल्याला भाकरीकडे, तहानेल्याला पाण्याकडे, आईला लेकराकडे नेणारी ती वाट आहे. मेंदूच्या मध्यभागी खालच्या अंगाला पेशींचा एक पुंजका असतो. तिथून निघालेले धागे पुढच्या भागातल्या 'न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स' नावाच्या ठिकाणी जातात आणि तिथे 'डोपामीन' नावाचे द्रव्य सोडतात. पाटाला जसे बारे सुटते, तसे ते सुटते. दारू, तंबाखू, गांजा, गर्द, सगळी या ना त्या रीतीने याच पाटाला पाणी वाढवतात. भाकरीने पाट भिजतो. नशेने त्याला पूर येतो.

ओढ वेगळी, आवड वेगळी

पुढे स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर काम केले. माकडाला आधी दिवा दाखवायचा, मग फळाच्या रसाचा थेंब द्यायचा. सुरुवातीला रस मिळाला की डोपामीनच्या पेशी जाग्या होत. काही दिवसांनी मात्र त्या दिवा लागताच जाग्या होऊ लागल्या. रस मिळताना गप्प! आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर नेमक्या रसाच्या वेळेला त्या पेशींचे काम नेहमीपेक्षाही खाली जाई. १९९७ साली या कामाचा अर्थ सविस्तर छापून आला.

आपल्या भाषेत याचा अर्थ असा. मेंदू नशेशी नव्हे, नशेच्या खुणेशी बांधला जातो. गुत्त्याकडे वळणारी पायवाट, दिवेलागणीची वेळ, खिशातली हातावर पडलेली पट्टी, जुना सोबती, तळलेल्या बोंबलाचा वास, पेल्याचा आवाज. यांतली एकेक खूण म्हणजे माकडाचा दिवा. खूण दिसली की पाटाला पाणी सुटते. आणि खूण दिसूनही दारू मिळाली नाही, तर आत एक पोकळी पडते. जीव कासावीस होतो तो या पोकळीने.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी १९९३ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. 'आवडणे' आणि 'हवेसे वाटणे' ही मेंदूतली दोन निरनिराळी कामे आहेत. व्यसन जुने होत जाते तशी आवड ओसरते, पण ओढ वाढत जाते. बायको विचारते, 'तुम्हाला ती इतकी गोड लागते का हो?' तो म्हणतो, 'नाही गं, घशाखाली उतरत नाही.' दोघेही खरे बोलत असतात.

आता कपाळामागचा भाग पाहा. पुढचा विचार करणे, 'थांब' म्हणणे, हे त्याचे काम. गाडीला कासरा तसा मेंदूला हा भाग. वर्षानुवर्षे दारू पिऊन हा कासरा सैल पडतो. इकडे त्याच वाटेने रोज गाडी गेल्याने चाकोरी मात्र खोल झालेली असते. गाडीवान डुलक्या घेत असला तरी बैल चाकोरीतून बरोबर घरी जातात, हे तुम्ही पाहिलेच आहे. इथे ते घराऐवजी गुत्त्यावर जातात. कासरा पुन्हा घट्ट होतो, पण त्याला महिने लागतात. शपथ एका दिवसात होते. कासरा एका दिवसात होत नाही.

केंद्रात सुटते, घरी का लागते?

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर २००२ साली हान्स क्रॉम्बॅग आणि यावीन शाहम यांच्या प्रयोगात मिळते. उंदराला एका पिंजऱ्यात नशेची दांडी दाबायला शिकवले. मग दुसऱ्याच तऱ्हेच्या पिंजऱ्यात ठेवले. तिथे दांडी होती, पण दाबून काही मिळत नसे. उंदराने दाबणे सोडले. 'सुधारला' असेच कोणीही म्हणाले असते. पण पहिल्या पिंजऱ्यात परत नेताच तो पुन्हा दांडीला लागला. नशेचा कण मिळत नसतानाही!

म्हणजे जुनी शिकवण पुसली गेलीच नव्हती. तिच्यावर नवी शिकवण बसली होती, आणि ती नवी शिकवण दुसऱ्या जागेला बांधलेली होती. सुंभ जळतो, पीळ राहतो, तो असा. केंद्रातला माणूस खोटा नव्हता आणि गावातलाही खोटा नाही. 'न पिता जगणे' तो केंद्राच्या आवारात शिकला. आता तेच त्याला आपल्या गावात, आपल्या बांधावर, आपल्या बाजाराच्या वाटेवर नव्याने शिकावे लागणार.

याचा उलटा दाखलाही आहे. व्हिएतनामच्या लढाईत गेलेल्या अमेरिकन शिपायांत हेरॉइनचे, म्हणजे गर्दच्या जातीच्या नशेचे, फार पेव फुटले होते. १९७१ साली परतलेल्या शिपायांचा ली रॉबिन्स या विदुषींनी मागोवा घेतला. शंभरातल्या वीस जणांनी सांगितले की तिथे आम्ही पुरते अडकलो होतो. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात या अडकलेल्यांपैकी पुन्हा अडकले शंभरात पाच. तीन वर्षे धरली तरी बाराच. त्याच काळात अमेरिकेतल्या शहरांत उपचार घेऊन आपल्याच गल्लीत परतणारे मात्र बहुतेक पुन्हा नशेकडे वळत. शिपायांच्या बाबतीत इतरही कारणे होती. घरी हेरॉइन महाग होते, मिळायलाही अवघड होते. पण जागा बदलली, खुणा तुटल्या, हे त्यांतले एक मोठे कारण. आपला शेतकरी गाव सोडून कुठे जाणार? म्हणून त्याच्या घरच्यांनी खुणा ओळखायला शिकले पाहिजे.

कोणत्या पावसाने कोंब येतो?

प्रयोगांतून तीन पाऊस नक्की ठरले आहेत.

पहिला, थोडीशी चव. मॉन्ट्रियलच्याच कॉन्कॉर्डिया विद्यापीठात हॅरिएट डि विट आणि जेन स्ट्युअर्ट यांनी १९८१ मध्ये दाखवले की नशा विसरलेल्या उंदराला एकच लहान मात्रा दिली, तरी तो पुन्हा दांडीकडे धावतो. 'सणाचे घोटभर घे, काय होते?' म्हणणारा पाहुणा हेच करत असतो.

दुसरा, ताण. त्याच विद्यापीठात १९९५ साली शाहम आणि स्ट्युअर्ट यांनी पाहिले की पायाला हलके झटके देऊन उंदराला त्रस्त केले, तर हेरॉइन सोडलेला उंदीरही पुन्हा तिकडे वळतो. आपल्याकडे हा झटका म्हणजे सावकाराचा निरोप, पडलेला भाव, भावकीचा वाद, घरातले टोचून बोलणे.

तिसरा, खुणा. त्यांविषयी वर सांगितलेच.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी गाठीला बांधावी. दिवस जातात तशी ओढ कमी होते, असा आपला समज. २००१ साली शाहम यांच्याच प्रयोगशाळेत कोकेन सोडलेल्या उंदरांवर पाहिले, तर खुणेने उठणारी ओढ पहिल्या दिवसापेक्षा साठाव्या दिवशी जास्त निघाली. पुढे दारू आणि सिगारेट सोडलेल्या माणसांतही पहिल्या काही आठवड्यांत असा चढ दिसला. आता पाहा, घरचे लोक कधी निर्धास्त होतात? दोन महिने झाले की! 'आता सुटली' म्हणून त्याच्या हाती पैसे देऊन त्याला एकट्याला बाजारला पाठवतात. राखण नेमकी कणसात दाणा भरताना उठवायची, तसेच हे.

घराने काय करावे?

पहिले तीन महिने, जमल्यास सहा, राखणीचे समजा. बाजारला त्याने एकट्याने जाऊ नये. भाऊ, मेहुणा, थोरला मुलगा, कोणीतरी सोबत असावे. पण पोलीस म्हणून नव्हे, जोडीदार म्हणून. वाट बदलता येत असेल तर बदला. मालाची पट्टी रोख हातात न घेता थेट बँकेत जमा होऊ द्या. हे त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने ठरवा. लपूनछपून केलेल्या बंदोबस्ताचा राग येतो, आणि रागही एक पाऊसच आहे.

उपाशी, चिडलेला, एकटा आणि थकलेला, या चार अवस्थांत माणूस सर्वांत लवकर घसरतो. जुन्या व्यसनमुक्तांचा हा अनुभव जगभर सांगितला जातो. म्हणून दिवेलागणीला, जी त्याची जुनी वेळ असेल त्या वेळेला, पोटात काही जाऊ द्या आणि हाताला काम द्या. धारा काढणे, भजनाला जाणे, मुलाचा अभ्यास घेणे, काहीही चालेल. रिकामी वेळ ठेवू नका. त्या वेळेला नवी चाकोरी पडली पाहिजे.

ओढ आली म्हणजे ती वाढतच जाईल असे वाटते. तसे नसते. ती लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते. तेवढा वेळ जागा सोडावी, पाणी प्यावे, कोणाशी तरी बोलावे. 'जन्मभर पिणार नाही' हे ओझे फार जड होते. 'आत्ता अर्धा तास नाही' एवढेच उचलावे.

घरात बाटली ठेवू नका, पाहुण्यासाठीही नाही. पोळा, जत्रा, लग्नाची वरात, निवडणूक हे दिवस आधीच ध्यानात घेऊन बेत ठरवा.

आणि तरीही पाय घसरला तर? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी यावर पुष्कळ काम केले. त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. एकदा पिण्यापेक्षा, 'आता सगळेच संपले' हा विचार जास्त घात करतो. ठेच लागणे वेगळे आणि विहिरीत पडणे वेगळे. ठेच लागली तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, केंद्राला किंवा डॉक्टरला कळवा. कोणती खूण होती, कोणता ताण होता, हे शांतपणे शोधा. कोंब एकच आहे, तो खुरपून काढता येतो. रान पडीक टाकायची गरज नाही.

चार धोक्याच्या गोष्टी

एक. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय थरथरणे, झटके येणे, भास होणे असे प्रकार होतात आणि जिवावर बेतते. ही सुरुवात डॉक्टरच्या देखरेखीखालीच करा.

दोन. दारू सोडवणारी म्हणून मिळणारी गोळी किंवा पूड चहात-भाजीत चोरून घालू नका. डायसल्फिराम नावाच्या औषधावर दारू पोटात गेली तर उलट्या, धडधड, रक्तदाब उतरणे असे होऊन माणूस दगावू शकतो. ते औषध माणसाला सांगून, डॉक्टरच्या सल्ल्यानेच द्यायचे असते. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट अशी औषधेही आहेत. तीही डॉक्टरला विचारूनच.

तीन. गर्द किंवा त्या जातीच्या गोळ्या-इंजेक्शने सोडलेल्या पोरांच्या आईबापांनी हे नीट वाचावे. मध्ये खंड पडला की शरीराची सवय मोडते. पूर्वीचीच मात्रा मग विषासारखी मारते. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटून आल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच फार जपायचे.

चार. व्यसन हा मेंदूचा आजार आहे, याचा अर्थ मारहाणीला माफी आहे असा नव्हे. ताई, तुमच्यावर आणि लेकरांवर हात उठत असेल तर आधी स्वतःला सुरक्षित करा. त्याची दारू सुटणे न सुटणे ही तुमच्या मायेची परीक्षा नाही. १८१ हा महिलांच्या मदतीचा फोन आहे.

पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. घरी परतल्यावरचा पाठपुरावा आणि पत्नींचा आपसांतला आधारगट यांना तिथे उपचाराइतकेच महत्त्व दिले जाते. का, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल. तुमच्या जवळ जे केंद्र असेल तिथे हाच प्रश्न विचारा : घरी गेल्यावर तुम्ही किती दिवस संपर्क ठेवता? व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा बिनपैशाचा फोन आहे, आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६. नाव सांगायला लाज वाटली तर नाव न सांगता बोला.

आणि गावकऱ्यांनाही एक विनंती. सोडलेल्या माणसाला 'काय रे, किती दिवस टिकणार?' असे पारावर विचारू नका. त्याला कामाला बोलवा, चहाला बोलवा, वर्गणी गोळा करायला बोलवा. त्याची नवी चाकोरी त्याच गावच्या वाटांवर पडायची आहे, आणि वाट पडते ती चार पावले सोबत चालली म्हणजेच.